‘फ्लाइट ६६६’ : दौऱ्याचा सिनेमा आणि आपण

(तारकर्ली इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, तारकर्लीत हेवी मेटल कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की मी आज संगीतावर कमी आणि दौऱ्यावर जास्त बोलणार आहे. आणि दौरा म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तुळशीचं लग्न झालं, त्रिपुरी पौर्णिमा आली, की इथल्या दशावतारी मंडळी बाहेर पडतात. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. रात्रभर नाटक, पहाटे दहीकाला, सकाळी सामान टेम्पोत, दुपारी कुठल्या तरी देवळात पाठ टेकायची आणि रात्री पुन्हा तोंडाला रंग. पावसाळा तोंडावर येईपर्यंत हे चालतं. तेव्हा एका म्हाताऱ्या होत चाललेल्या मंडळीनं पेटारे उचलून जग पालथं घातलं आणि कुणी तरी ते कॅमेऱ्यात पकडलं, एवढं सांगितलं तरी निम्मा चित्रपट तुम्हाला कळेल.

मंडळीचं नाव आयर्न मेडन. चित्रपटाचं नाव ‘फ्लाइट ६६६’. दिग्दर्शक दोन, सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन, दोघंही कॅनडाचे. चित्रपट आला २००९ साली आणि त्यात आहे तो दौरा २००८ चा.

आता थोडी माहिती, कारण सगळ्यांनाच हा बँड ठाऊक असेल असं नाही. स्टीव्ह हॅरिस नावाच्या तरुणानं पूर्व लंडनमध्ये १९७५ च्या नाताळात हा बँड सुरू केला. तो बेस गिटार वाजवतो, बरीचशी गाणी लिहितो, आणि आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मंडळीचा मालक तोच. गायक ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये आला, १९९३ मध्ये सोडून गेला, १९९९ मध्ये परत आला. तीन गिटारवाले: डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ, यानिक गर्स. ड्रमवर निको मॅकब्रेन. आणि सातवा एक, जो माणूस नाही. त्याचं नाव एडी. सांगाड्यासारखं तोंड, अक्राळविक्राळ अंग. तो प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावर असतो आणि कार्यक्रमात शेवटाकडे रंगमंचावर अवतरतो. लोक त्याची वाट बघत असतात. तुमच्या डोळ्यांपुढे लगेच संकासुर आला असेल, तर तुमचं काही चुकलेलं नाही. वेद चोरणारा असुर तो, विष्णूच्या हातून मरणार हे ठरलेलं, पण पोरं झोप आवरून बसतात ती त्याच्यासाठीच.

२००८ चा हा दौरा म्हणजे एक प्रकारे जुन्या नाटकाचं पुनरुज्जीवन होतं. १९८४-८५ मध्ये या बँडनं ‘पॉवरस्लेव्ह’ या अल्बमच्या वेळी इजिप्तच्या पिरॅमिडचा, ममीचा भव्य देखावा घेऊन प्रचंड मोठा दौरा केला होता. तोच देखावा, ऐंशीच्या दशकातली तीच गाणी, पुन्हा नव्या पिढीपुढे. आणि त्याची पहिली खेप सुरू झाली ती कुठं? मुंबईत. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. तिथून पर्थ, मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, जपान, लॉस एंजेलिस, मेक्सिको, कोस्टा रिका, कोलंबिया, ब्राझील, अर्जेंटिना, चिली, पोर्टो रिको, न्यू जर्सी आणि १६ मार्चला टोरंटो. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम.

हे जमलं कसं, तर विमानामुळे. एरवी मोठ्या बँडचं सामान ट्रकनं जातं, समुद्र आडवा आला की जहाजानं किंवा मालवाहू विमानानं. त्यात वेळ जातो, पैसा जातो, आणि म्हणून मुंबई, बोगोटा, सान होसे अशी शहरं दौऱ्याच्या नकाशावरून गळतात. इथं त्यांनी एक बोइंग ७५७ भाड्यानं घेतलं, मागच्या खुर्च्या काढल्या, तिथं सुमारे १२ टन सामान भरलं, पुढं बँड आणि कामगार बसले. विमानाचं नाव ‘एड फोर्स वन’. आणि विमान चालवायला कोण? गायक. डिकिन्सन हा खराखुरा परवानाधारक वैमानिक आहे, एका विमान कंपनीत नोकरी करायचा. म्हणजे रात्री गळा फाडून गायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गणवेश चढवून कॉकपिटमध्ये बसायचं. दशावतारात जो नट राजाचं काम करतो तोच सकाळी टेम्पोच्या स्टिअरिंगवर बसला, असं समजा. आपल्याकडे हे काही अगदीच न पाहिलेलं नाही.

चित्रपटाचा विचार करायचा तर पहिली चांगली गोष्ट इथंच आहे. डन आणि मॅकफेडियन यांनी काम दाखवलं. संगीताच्या माहितीपटांत बहुधा दोनच गोष्टी असतात: रंगमंचावरचा झगमगाट आणि रंगमंचामागचं भांडण. इथं तिसरी आहे, आणि ती म्हणजे सामान. ते किती वजनाचं, विमानाच्या पोटात कसं बसवायचं, कुठल्या विमानतळावर किती वेळ थांबायचं, माणसं कधी झोपणार. जगात एवढं फिरूनही शहरं दिसतात ती विमानाची खिडकी, हॉटेल आणि मैदान एवढीच. काही जणांना हे कंटाळवाणं वाटतं. मला हा चित्रपटाचा कणा वाटतो. कारण प्रेक्षक जे दोन तास बघतो, त्याच्यामागे बावीस तासांची ओझी असतात, हे दाखवणं म्हणजे कलेचा मान कमी करणं नाही.

दुसरी चांगली गोष्ट वयाची. २००८ मध्ये डिकिन्सन ४९ वर्षांचा, मॅकब्रेन ५५ वर्षांचा. ही माणसं दारूच्या बाटल्या फोडत नाहीत. ती गोल्फ खेळतात. कोस्टा रिकात मॅकब्रेनला गोल्फचा चेंडू लागतो, आणि क्षणभर अख्ख्या दौऱ्याचा जीव त्या एका माणसाच्या अंगात अडकतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यातून कळतं की बारा टन सामान, विमान, हजारो तिकिटं, हे सगळं शेवटी एका मध्यमवयीन माणसाच्या दोन हातांवर उभं आहे. हाच निको मॅकब्रेन २०२३ च्या जानेवारीत पक्षाघातातून सावरला, पुन्हा ड्रमवर बसला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर त्यानं दौरे थांबवले. आज ‘फ्लाइट ६६६’ बघताना हे डोक्यात राहतं. २००९ मध्ये जो उत्सवाचा चित्रपट होता, तो आता दस्तऐवज झालाय. हा बदल दिग्दर्शकांनी केलेला नाही, काळानं केलाय. पण कॅमेरा योग्य जागी ठेवला होता म्हणून तो होऊ शकला.

तिसरी गोष्ट संकलनाची. या चित्रपटाच्या डीव्हीडीत दोन डिस्क होत्या. दुसऱ्या डिस्कवर पूर्ण मैफल आहे, १६ गाण्यांची, आणि प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. पहिलं मुंबईचं, दुसरं मेलबर्नचं, तिसरं सिडनीचं, असं करत सोळावं टोरंटोचं. बघणाऱ्याला वाटतं एकच रात्र चाललीय, पण मैदान बदलत जातं. कल्पना सुंदर आहे. वेश तोच, देखावा तोच, गाण्यांचा क्रमही ठरलेला, मग बदलतं काय? समोरची माणसं. गावागावांत तेच आख्यान लावणाऱ्या मंडळीला विचारा. नाटक तेच असतं, पण अमक्या गावात हशा कुठं येतो आणि तमक्या गावात कुठं येतो, हे त्यांना पाठ असतं. संवाद जागेवर रचायचे म्हटल्यावर ते पाठ असावंच लागतं.

इथूनच माझी तक्रारही सुरू होते. सोळा शहरं, सोळा मैदानं, पण चित्रपटाला या प्रेक्षकांमधला फरक शोधायचा नाहीये. त्याला साम्य दाखवायचंय. बघा, मुंबईतही तेच काळे टी-शर्ट, मेक्सिकोतही तेच, तोक्योतही तेच. सगळे एका कुटुंबातले. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि सॅम डनकडून तर अधिक अपेक्षा होती. हा माणूस मानववंशशास्त्र शिकलेला. त्यानं २००५ मध्ये मेटलवर एक आणि २००८ मध्ये ‘ग्लोबल मेटल’ असा दुसरा माहितीपट केला. त्या दुसऱ्यात तो भारतासह अनेक देशांत हिंडून प्रश्न विचारत होता, की हे संगीत तुमच्याकडे येऊन तुमचं कसं झालं? ‘फ्लाइट ६६६’ मध्ये तो बँडच्या विमानात बसला आणि त्याचे प्रश्न बंद झाले. पाहुणा म्हणून गेलं की घरातलं विचारता येत नाही, तसं झालं.

मेटलवरच्या इतर चित्रपटांशी ताडून बघा. १९८४ चा ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा दौऱ्याची टिंगल करणारा काल्पनिक चित्रपट. २००४ चा ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ मेटॅलिका फुटायच्या बेतात असताना केलेला, इतका उघडा की बघताना अवघडल्यासारखं होतं. २००८ चा ‘अॅन्व्हिल’ हा न चाललेल्या बँडचा, ज्यांच्या दौऱ्यात खुर्च्या रिकाम्या राहतात. या तिघांत पडझड आहे. ‘फ्लाइट ६६६’ मध्ये ती नाही. डिकिन्सन का सोडून गेला होता? तीन गिटारवाल्यांत कोण कुणावर रुसतं? विमानाचा खर्च कसा निघतो? चित्रपट तिकडे वळत नाही. तो बँडच्या आणि व्यवस्थापनाच्या सहभागानं झालाय आणि ते जाणवतं.

तरीही मी त्याला नुसती जाहिरात म्हणणार नाही. एक प्रसंग आहे कोलंबियातला. बोगोटात हा बँड पहिल्यांदाच येत होता. पोरं मैदानाबाहेर तंबू ठोकून दिवसचे दिवस राहिली होती, सैनिक आणि पोलिसांचा पहारा. कार्यक्रम संपतो. निकोनं फेकलेली ड्रमची काठी एका माणसाच्या हाती लागलेली असते. तो रडतोय. ओरडत नाही, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत नाही, नुसता काठी धरून रडतोय. कॅमेरा त्याच्यावर थांबतो. निवेदन नाही, प्रश्न नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेला चाकरमानी भराडीदेवीपुढे पोहोचतो तेव्हाचा चेहरा ज्यानं पाहिलाय, त्याला हा माणूस परका वाटणार नाही. तो प्रसंग जाहिरातीत बसत नाही. त्या माणसाला काय झालंय हे बँडलाही सांगता येणार नाही. दिग्दर्शकाला सांगता आलं नसतं, पण थांबता आलं, आणि हे श्रेय त्याला द्यायला हवं.

आता मुंबई. आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात कच्चा भाग.

आयर्न मेडन भारतात त्याआधी एकदा येऊन गेला होता, मार्च २००७ मध्ये बंगळूरला. पण एका जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत फुटणं ही वेगळी गोष्ट होती. परदेशी कलाकार मुंबईत आले की ती मोठी बातमी व्हायची. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीत नाचून गेला, त्याची चर्चा आपण अजून करतो, आणि त्यात संगीतापेक्षा राजकारण जास्त असतं. २००८ चा कार्यक्रम तसा नव्हता. तिथं जमलेल्या पोरांना गाणी पाठ होती. ती कुठून पाठ झाली? कॅसेटवरून कॅसेट करून, कॉलेजच्या महोत्सवांतून आणि धोबीतलावच्या रंगभवनातून. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव मुंबईत होत आला, आणि रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागारात एका पिढीनं हे संगीत ऐकलं आणि वाजवलं. पुढं शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम रात्रभराच्या दशावताराला किती अडतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे बघा, मुंबईतला मेटलवाला आणि इथला नाईक-धंदेवाला नट, दोघांची अडचण एकाच कायद्याच्या कागदावर आहे. पण चित्रपटात रंगभवन नाही, तो महोत्सव नाही, मुंबईचे बँड नाहीत. मुंबई थोडक्यात उरकते आणि विमान पर्थकडे निघतं. प्रेक्षक जणू विमान उतरल्यावर आकाशातून पडले.

आणि त्याहून मोठी गोष्ट चर्चिलची.

या दौऱ्यातला कार्यक्रम सुरू व्हायचा तो विन्स्टन चर्चिलच्या आवाजानं. जून १९४० चं ते प्रसिद्ध भाषण, शरण जाणार नाही म्हणणारं. ते संपलं की ‘एसेस हाय’ हे गाणं सुरू होतं, त्याच वर्षी जर्मन विमानांशी लढलेल्या ब्रिटिश वैमानिकांचं. चित्रपटानं आणि डीव्हीडीनं या गाण्यासाठी निवडलेलं शहर आहे मुंबई. म्हणजे जगभरच्या प्रेक्षकाला मैफलीची सुरुवात दिसते ती अशी: चर्चिलचा आवाज आणि त्यावर जल्लोष करणारी मुंबईतली हजारो मुलं.

तुमच्यापैकी काही जणांनी भुवया उंचावल्या, मला दिसलं. ज्या चर्चिलच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४३ चा बंगालचा दुष्काळ झाला, सुमारे तीस लाख माणसं मेली असं मानलं जातं, आणि ज्याचं हिंदुस्थानबद्दलचं मत काही लपलेलं नव्हतं, त्याच्या आवाजाला मुंबईत टाळ्या? ज्या मुंबईत १९४६ ला नौसैनिकांनी ब्रिटिशांचा झेंडा उतरवला, त्या मुंबईत?

इथं दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे, बघा आमची पोरं कशी मुळापासून तुटली. दुसरं म्हणजे, अहो, संगीत आहे, इतिहास कशाला मध्ये आणता. पहिलं उत्तर त्या पोरांवर अन्याय करतं. त्यांच्या कानाला तो आवाज चर्चिल नव्हता, ती घंटा होती. तिसरी घंटा झाली की प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते घंटेसाठी नाही. १९८५ च्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या ध्वनिमुद्रणापासून मेडनच्या चाहत्यांना हे भाषण म्हणजे गाणं सुरू होणार अशी खूण आहे. साहेबाचं भाषण त्यांनी साहेबाकडून घेतलं नाही, कॅसेटमधून घेतलं. आपण साहेबाकडून क्रिकेट असंच घेतलं.

पण दुसरं उत्तरही पुरत नाही. कारण हा बँड स्वतःच इतिहास गातो. ‘द ट्रूपर’ हे १८५४ च्या क्रिमियन युद्धातल्या घोडदळाच्या हल्ल्यावरचं गाणं, ज्यात डिकिन्सन लाल डगला घालून ब्रिटिश झेंडा फिरवतो. ‘रन टू द हिल्स’ हे गोऱ्या माणसांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची केलेली कत्तल सांगतं, आणि सुरुवात होते ती मारल्या जाणाऱ्यांच्या बाजूनं. ‘राइम ऑफ द एन्शंट मरीनर’ कोलरिजच्या कवितेवरून घेतलेलं, समुद्रावर एक पक्षी मारून शाप ओढवून घेतलेल्या खलाशाचं. तेरा मिनिटांहून मोठं, आणि इथं दर्यावर जाणाऱ्या कुणालाही कथा सांगितली तर पटेल असं. म्हणजे हे लोक इतिहास न कळणारे नाहीत. आणि दिग्दर्शकांनी कुठलं गाणं कुठं जोडलंय पाहा. ‘रन टू द हिल्स’ आहे बोगोटाचं, स्पॅनिश साम्राज्यानं चिरडलेल्या भूमीतलं. झेंड्याचं ‘द ट्रूपर’ आहे तोक्योचं. आणि चर्चिल मुंबईचा. यामागं योजना असेल असं मला वाटत नाही. मुंबई पहिला कार्यक्रम आणि ‘एसेस हाय’ पहिलं गाणं, इतकं सरळ ते असावं. पण पडद्यावर आल्यावर त्याचा अर्थ होतो, दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो. मुंबईच्या एखाद्या पोराला कार्यक्रमानंतर एकच प्रश्न विचारायचा होता, तो आवाज कुणाचा होता आणि तुला तो ऐकून काय वाटतं? उत्तर काहीही आलं असतं. हसला असता, शिवी दिली असती, आजोबांची गोष्ट सांगितली असती. त्या एका उत्तरानं चित्रपट मोठा झाला असता. मानववंशशास्त्रज्ञ विमानात होता, आणि त्यानं विचारलं नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

आता आपल्याकडे वळतो. दौरा हा विषय आपल्या सिनेमानं कसा हाताळला? एक उत्तम उदाहरण आहे, २०१६ चा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू-टॉकीजवर केलेला माहितीपट. तो कान महोत्सवात दाखवला गेला, तिथं त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यात गंजलेला ट्रक आहे, अडकणारा प्रोजेक्टर आहे, तो दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. ‘फ्लाइट ६६६’ मध्ये यंत्र म्हणजे विजय. इथं यंत्र म्हणजे जिव्हाळा, आणि ते हातातून जातंय. दोन्ही एकापाठोपाठ बघा असं मी सुचवेन.

दशावतारावर कथापट आले. २०२१ चा ‘पिकासो’, अभिजीत वारंग यांचा, ज्यात प्रसाद ओकनं दारूत बुडालेला दशावतारी नट केला. त्यात तोंडाला रंग लावण्याचे, पेटीवर सूर धरण्याचे प्रसंग फार प्रामाणिक आहेत. २०२५ चा ‘दशावतार’, सुबोध खानोलकरांचा, दिलीप प्रभावळकर प्रमुख भूमिकेत. पण हे दोन्ही एका माणसाच्या गोष्टीचे चित्रपट. मंडळीच्या दौऱ्याचा नाही. गंमत म्हणजे मंडळीची फजिती, तालीम, गोंधळ हे सगळं आपण रंगमंचावर केव्हाच दाखवलंय. गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ दुसरं काय आहे? मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेल्या या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. मालवणी माणसानं पडद्यामागचं पडद्यापुढं आणून जगाला हसवलं, ‘स्पायनल टॅप’ यायच्या आधी.

हसवून झालं. आता नोंद करायची राहिलीय. आज ज्यांचं वय सत्तरीकडे गेलंय, जे संवाद लिहिल्याशिवाय रात्र काढतात, लुगडं नेसून बाईचं काम करतात आणि सकाळी शेतावर जातात, त्यांच्या शेवटच्या दौऱ्यांची नोंद कोण ठेवणार? मोबाइलवर नाटकांचे तुकडे भरपूर आहेत. ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकाची तलवारबाजी, गाणी, सगळं आहे. नाटकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं मात्र नाही. पेटारा उघडताना आधी काय बाहेर काढतात, त्याला नमस्कार कसा करतात, कोण कुणाच्या शेजारी रंगायला बसतो, पहाटे मिळालेल्या पैशांची वाटणी कशी होते. एका ब्रिटिश बँडचं सामान कुठल्या क्रमानं विमानात चढलं हे जगाला ठाऊक आहे. आपला पेटारा कुठल्या क्रमानं भरतात हे आपल्या नातवंडांना ठाऊक असेल का?

समारोप करतो. ‘फ्लाइट ६६६’ हा मोठा चित्रपट नाही. तो पाहुणचाराचा चित्रपट आहे, यजमानावर खूश असलेला. त्यात कष्ट दिसतात, वय दिसतं, आणि बोगोटातला तो रडणारा माणूस दिसतो, एवढ्यासाठी तो बघावा. त्यात मुंबई ऐकू येते, पण बोलत नाही. बोलायचं काम आपल्याला करावं लागेल. 

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मी स्वतः मेटल ऐकतो. तुम्ही चर्चिलबद्दल जे बोललात ते जरा ताणल्यासारखं वाटलं. नाचायला आलेल्या मुलांनी दुष्काळाचा विचार कशाला करायचा?

उत्तर : मुलांनी करावा असं मी म्हणतच नाही. मैदानात नाचावंच. माझा आक्षेप मुलांवर नाही, चित्रपटावर आहे. मैदानात उभं राहणं वेगळं आणि नंतर संकलनाच्या टेबलावर बसून ते जगाला दाखवणं वेगळं. तिथं विचार करायला वेळ असतो. आणि दुसरं असं, की प्रश्न विचारला असता तर तुमच्यासारख्या चाहत्याची बाजूच वरचढ ठरली असती असं मला वाटतं. तुम्ही आत्ता जे म्हणालात, तेच उत्तर मला पडद्यावर ऐकायचं होतं.

प्रश्न : तुमी म्हणतास ता पटला. पण त्यांका इमान होता, आमच्या मंडळींका कधी कधी टेम्पो मिळाना. आमच्यार असो पिक्चर कोण काढतलो?

उत्तर : तुम्हीच काढायचा. मी गमतीनं म्हणत नाही. विमान भाड्यानं घ्यायला पैसे लागले, पण त्या काठीवाल्या माणसावर कॅमेरा थांबवायला पैसे लागले नाहीत. येत्या त्रिपुरी पौर्णिमेनंतर कुठलीही एक मंडळी धरा, आधी मालकांची परवानगी घ्या. एकच दिवस. दुपारी टेम्पो गावात शिरतो तिथून सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाबाहेर पडतो तिथं थांबा. नाटक चालू असताना कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल, ते चित्रण आहेच सगळ्यांकडे. रंगताना शूट करा, चहा पिताना करा, सामान बांधताना करा. आणि वयानं सगळ्यात मोठे जे असतील त्यांना विचारा, की पहिल्यांदा तोंडाला रंग लागला तो कुठल्या गावच्या जत्रेत. मग मध्ये बोलू नका. त्यांचं सांगून होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवा.